त्या दिवशी इंजेक्शन न दिल्याबद्दल आभार

डॉक्टर मॅडम,
स. न. वि. वि.

डाव्या डोळ्याच्या युव्हायटिसने, म्हणजे डोळ्याच्या आतल्या दाहाने, तीन वर्षं माझा पिच्छा पुरवला होता. प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडच्या गोळ्या घेतल्या की डोळा निवायचा, पण साखर वाढायची आणि झोप उडायची. डोस १० मिलिग्रॅमच्या खाली आणला की दुखणं हजर! शेवटी तर दाराची चौकट वाकडी दिसू लागली. ओसीटीत (डोळ्याच्या पडद्याच्या स्कॅनमध्ये) पडद्याच्या मध्यभागी पाणी साचलेलं तुम्ही दाखवलंत, आणि मी म्हणाले, आजच स्टिरॉइडचं इंजेक्शन द्या.

तुम्ही नाही म्हणालात. आधी क्षयरोग, सिफिलिस वगैरेंच्या तपासण्या. आत जंतुसंसर्ग लपलेला असेल तर स्टिरॉइडने तो फोफावेल, असं तुम्ही शांतपणे सांगितलंत. मी मात्र बाहेर येऊन चांगलीच चिडले होते. त्याबद्दल माफ करा.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. घरात कुणाला काचबिंदू आहे का, हे तुम्ही विचारलंत. आईला आहे, म्हटल्यावर तुम्ही बेत बदललात. थेट डोळ्याच्या आत दिलेलं औषध या सुजेवर जास्त प्रभावी, पण त्याने डोळ्यातला दाब (ज्यामुळे काचबिंदू होतो) वाढण्याचा धोकाही जास्त. म्हणून आधी डोळ्याच्या आत नाही, तर नेत्रगोलाच्या मागच्या बाजूला, त्याच्या बाहेरच्या वेष्टनाखाली ट्रायमसिनोलोन हे स्टिरॉइड, ४० मिलिग्रॅम. असर साधारण तीन महिने. मोतीबिंदू लवकर येऊ शकतो, पापणी किंचित खाली उतरू शकते, हेही लपवलं नाहीत. एवढं सगळं कोण सांगत बसतं, मॅडम?

सुई टोचली ती कळली नाही, थेंबांनी डोळा बधिर झाला होता. "खाली, नाकाकडे बघा" हा तुमचा आवाज आणि मागे काहीतरी दाटल्यासारखं, एवढंच आठवतं.

चौथ्या आठवड्यात दाब २८ निघाला. १० ते २१ असायला हवा, हे तुम्हीच पाठ करून घेतलं होतं, त्यामुळे घाबरले नाही. थेंब सुरू झाले, दाब उतरला. सूजही. गोळी आता ५ मिलिग्रॅमवर आहे आणि डोळा शांत आहे. दुखणं परत येऊ शकतं, मग पुन्हा टोचावं लागेल, ठाऊक आहे.

त्या दिवशीच्या सिस्टरना माझा निरोप सांगा. त्यांचा हात मी इतका आवळला होता की नखं रुतली असतील.

आपली,
डाव्या डोळ्याची पेशंट