स्वस्त सेवा आपोआप निवडायची, तर आधी दरांचे माप एक हवे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मोबाइल आणि इंटरनेटची सर्वांत स्वस्त सेवा ग्राहकाच्या वतीने आपोआप निवडून देणारी सोय असावी, ही अपेक्षा रास्त आहे. मात्र सर्व कंपन्यांचे दर एकाच मापात जाहीर होत नाहीत तोवर अशी सोय ग्राहकाला चुकीचेच उत्तर देत राहील, आणि ते माप ठरवून देणे हे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, म्हणजे ट्रायचे काम आहे.

जर्मनीत १९९८ साली दूरध्वनीची बाजारपेठ खुली झाली, तेव्हा प्रत्येक कॉलच्या आधी ठरावीक आकडे फिरवून त्या कॉलपुरती कंपनी निवडता येऊ लागली. पुढे कोणत्या तासाला कोणाचा दर कमी आहे हे साठवलेल्या तक्त्यावरून ठरवणारी उपकरणे आणि संगणक प्रणालीही आल्या. हे शक्य झाले, कारण सर्वांचे दर मिनिटाच्या हिशेबात होते. तरीही दर अचानक वाढले आणि तक्ता जुना राहिला, की ग्राहकाला भुर्दंड पडे. २०१२ पासून तेथे असा कॉल जोडण्यापूर्वी दर ऐकवणे बंधनकारक झाले.

आपल्याकडे मोबाइलचे बहुतेक प्रीपेड दर मिनिटाचेही नाहीत आणि महिन्याचेही नाहीत. कुठे २८ दिवस, कुठे ५६, कुठे ८४. समजा, एक रिचार्ज २८ दिवसांसाठी २९९ रुपयांना आणि दुसरा तितक्याच सवलतींसह ३० दिवसांसाठी ३१० रुपयांना आहे. नुसती किंमत पाहणारी प्रणाली पहिला निवडेल. पण वर्षाचा हिशेब केल्यास तोच सुमारे १२६ रुपयांनी महाग पडतो. किमान एक योजना ३० दिवसांची आणि एक दरमहा त्याच तारखेला नूतनीकरण होणारी असावी, असे ट्रायने २०२२ मध्ये सांगितले. डिसेंबर २०२४ मध्ये केवळ कॉल आणि एसएमएससाठी वेगळे रिचार्ज देण्याचेही बंधन घातले. घरातल्या ज्या वडीलधाऱ्यांना डेटा लागतच नाही, त्यांच्यासाठी हा दुसरा निर्णय फार मोलाचा आहे. मात्र असे रिचार्ज यादीत सहज दिसले नाहीत, तर माणसाला काय आणि प्रणालीला काय, ते निवडता येणार नाहीत.

घरच्या ब्रॉडबँडचा हिशेब याहून अवघड आहे. जाहिरातीतल्या दरावर बहुधा १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो, राउटरची अनामत आणि जोडणीचा खर्च निराळा, शिवाय काही दर सहा महिने किंवा वर्षभराचे पैसे आगाऊ भरले तरच मिळतात. त्यात मुंबईतील कित्येक सोसायट्यांत एकाच केबलवाल्याला वायर टाकू दिलेली असते. तेथे सर्वांत स्वस्त कंपनी कळूनही रहिवाशाला तिचा उपयोग नाही. मोबाइल क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर २०११ मध्ये आली आणि डिसेंबर २०१९ पासून एकाच दूरसंचार परिमंडळातील (सर्कलमधील) बदल तीन कामकाजाच्या दिवसांत व्हावा असा नियम आहे. लँडलाइनला ही मुभा नाही. दादर-गिरगावातील जुन्या दवाखान्यांचे आणि दुकानांचे क्रमांक गिऱ्हाइकांना पाठ असतात, ते सोडून केवळ स्वस्त दरासाठी कोण जाईल?

कंपन्यांना नवी योजना सुरू केल्यावर सात कामकाजाच्या दिवसांत ती ट्रायला कळवावी लागतेच. त्याच माहितीतून प्रत्येक योजनेचा सर्व करांसह ३६५ दिवसांचा खर्च, रोजचा डेटा आणि तो संपल्यानंतरचा वेग एका ठरावीक नमुन्यात, कोणत्याही ॲपला थेट वाचता येईल अशा रीतीने रोज प्रसिद्ध करणे अवघड नाही. अशी तुलना करणारे ॲप एखाद्या कंपनीकडून दलाली घेत असेल, तर ते निकालाच्या शेजारीच लिहिलेले असावे. ट्रायने याचा मसुदा काढून त्यावर जनतेच्या हरकती मागवाव्यात, आणि स्वस्त योजना सुचवण्याचे काम प्रणालीकडे दिले, तरी प्रत्यक्ष कंपनी बदलण्यापूर्वी प्रत्येक वेळी ग्राहकाची स्पष्ट संमती घेण्याची अट त्यात असावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक वाचक, मुलुंड (पूर्व), मुंबई