जनरल वैद्य स्मृतिदिन : १० ऑगस्ट

सर्व सभासदांना नमस्कार.

जनरल अरुणकुमार वैद्य यांना आदरांजली वाहण्यासाठी १० ऑगस्टला सकाळी ठीक ९ वाजता आपल्या सभागृहात जमायचे आहे. १९६५ आणि १९७१, दोन्ही युद्धांत महावीरचक्र मिळवलेला हा रणगाडा दलाचा सेनानी. लष्करप्रमुखपदावरून निवृत्त होऊन जेमतेम सहा महिने झाले होते. १९८६ साली पुण्यात स्वतः गाडी चालवत असताना त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आजही आठवले की गलबलून येते.

- माजी सैनिकांनी पदके लावून यावे. वीरपत्नींनी पतीची पदके उजव्या बाजूला लावावीत.
- हार-गुच्छ आणू नयेत, सर्वांतर्फे एकच पुष्पचक्र असेल.
- मोबाइल बंद.

नातवंडांना जरूर आणा. १९६५ च्या युद्धात जनरल वैद्य जिथे लढले, ती पंजाबातल्या असल उत्तर गावाजवळची रणगाड्यांची लढाई त्यांना नकाशावर समजावून सांगणार आहोत.