सहाव्या मजल्यावरचा दरवाजा

डोंबिवली,
ता. ९ ऑगस्ट

प्रिय शैला,

तुझी दोन पत्रं उशाशी पडून आहेत आणि एकालाही उत्तर गेलेलं नाही. एक दिवाळीचं, एक शिरीषच्या साखरपुड्याचं. फोन करता आला असता. पण फोनवर तू "कशी आहेस" म्हणतेस, मी "मजेत" म्हणते, तेवढ्यात कुणाच्यातरी कुकरची शिट्टी होते आणि सगळं राहून जातं. तुला रागवायचं तेवढं रागव, पण आधी हे वाच. ह्यांना सांगून पाहिलं, तर म्हणाले, "एवढं काय त्यात?" मृण्मयीला सांगितलं तर ती रडायलाच लागली, तिलाच समजवावं लागलं. उरलीस तू.

माझी साखर गोळीवर आहे, गुडघा आहे तसाच, ह्यांचं बीपी ठीक. तब्येतीचं एवढंच.

तर आम्ही ताजमध्ये राहून आलो. हो, आपल्या ताजमध्ये. साठीशांत वगैरे नको म्हणून मी हटून बसले, तेव्हा मृण्मयीने परस्पर दोन रात्रींचं बुकिंग करून टाकलं, आणि तेही जुन्या इमारतीत, समुद्राकडची खोली. टॅक्सी दारात थांबली, फेटेवाल्याने दार उघडलं आणि माझे पायच उचलेनात. ह्यांना वाटलं गुडघा. मला बाबांची पिशवी आठवत होती, स्पिरिटच्या वासाची, खांद्याला अडकवलेली. मागच्या गेटने, ठेकेदाराचा पास दाखवून, पॉलिशच्या कामाला किती वर्षं आत गेले असतील ते. पुढच्या दाराने एकदाही नाही.

आपण दोघी त्या मागच्या गेटवर डबा घेऊन गेलो होतो ते आठवतं? चौथीत होतो. तू वॉचमनला सांगितलंस की आम्ही दोघी सख्ख्या बहिणी. तुझा रंग कुठे, माझा कुठे! तो हसला आणि त्याने आपल्याला सावलीत बसायला स्टूल दिलं. एकच स्टूल होतं, त्यावरूनही आपण भांडलो.

आत सगळं कसं आहे ते तुला हवं असणार, म्हणून थोडं लिहिते. मधला तो जिना, ज्याच्याबद्दल बाबा सांगायचे की "खालसून कसलो आधारच दिसणा नाय," तो खरंच तसाच आहे. पायऱ्या भिंतीतून निघाल्यासारख्या वर जातात, पायथ्याशी जमशेटजींचा पुतळा. पाहुण्यांना जुनी इमारत हिंडून दाखवतात, आम्हीही गेलो. १६ डिसेंबर १९०३ ला हे हॉटेल सुरू झालं तेव्हा समोर गेटवे नव्हताच, तो पुरा झाला १९२४ ला. "गेटवे मागसून इलो," असं बाबा म्हणायचे आणि तू त्यांच्याशी पैज लावली होतीस. हरलीस गं, पन्नास वर्षांनी. पहिल्या महायुद्धात इथे सहाशे खाटांचं इस्पितळ होतं. आणि इमारत उलटी बांधली गेली म्हणून आर्किटेक्टने जीव दिला, ही चाळीतली गोष्ट साफ खोटी. मुख्य दार मुद्दामच शहराच्या बाजूला केलं होतं, आता जिथे पोहण्याचा तलाव आहे तिथे. सीताराम खंडेराव वैद्य म्हणून आपलेच एक मराठी गृहस्थ होते, त्यांनी डी. एन. मिर्झांबरोबर हे सगळं आखलं. काम चालू असतानाच ते वारले आणि चेंबर्स नावाच्या इंग्रजाने ते पुरं केलं. आपण ज्याला खाली पडलेला म्हणत होतो तो माणूस नुसता काम अर्ध्यावर सोडून गेला होता. मला फार वाईट वाटलं त्याचं. एवढं मोठं काम आणि उभं राहिलेलं बघायला मिळालं नाही.

आता मुद्द्यावर येते. मघापासून टाळतेच आहे.

सहाव्या मजल्यावरचा दरवाजा. तुला नव्याने सांगायला नकोच. तो केक, पिवळ्या पेटीतला, जो आपण जिन्यात बसून खाल्ला, तो त्याच दरवाज्याचं बक्षीस. (वरची चेरी तू खाल्लीस. मी आजही तेच म्हणेन.) चौदा हात दिले होते बाबांनी त्याला. रात्री लाखेचा चपडा स्पिरिटमध्ये भिजत घालायचा, सकाळी मलमलीतून गाळायचा, पॉलिश पेपरने घासायचं, मलमलीत बांधलेल्या कापसाने हात द्यायचा, वाळू द्यायचं, परत घासायचं. ठेकेदार म्हणायचा आठ हात पुरे, बिल आठाचंच मिळेल. वरचे सहा बाबांनी आपल्या मनाने दिले. आणि मग त्या मोठ्या साहेबांनी दारावरून हात फिरवून विचारलं, हे कुणी केलं? नंतर बाबांशी हात मिळवला. स्पिरिटने काळे पडलेले हात पुढे करायची बाबांना लाज वाटली होती, हे त्यांनी मला माझ्या लग्नानंतर सांगितलं.

मी जाणार म्हटल्यावर बाबांनी फोनवर एकच काम सांगितलं. "सव्या माळ्यार जा. समुद्राच्या अंगाक, कोपऱ्याच्या आदलो दरवाजो. असा काय बघ."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी खोल्या आवरणाऱ्या एका मुलाला विचारलं. चिपळूणकडचा निघाला. बाबांचं सांगितलं तर हातातलं काम बाजूला ठेवून, वरिष्ठांना विचारून, मला स्वतः वर घेऊन गेला. इतका अदबीने चालत होता माझ्याबरोबर, की जणू बाबाच आलेत. कोपऱ्याच्या अलीकडच्या दरवाज्यापाशी थांबलो. सुंदर दरवाजा. तो मुलगा हळूच म्हणाला, "काकू, आगीत ह्या मजल्याचं फार नुकसान झालं होतं. हे सगळं नंतरचं काम आहे."

मला हे माहीत नव्हतं का? होतं. २००८ मध्ये तीन दिवस आपण सगळ्यांनीच बघितलं, घुमटाच्या बाजूने निघणाऱ्या ज्वाळा. जुना भाग दुरुस्त होऊन परत उघडला तो १५ ऑगस्ट २०१० ला. खाली त्या ३१ जणांची नावं आहेत, पहिल्या संध्याकाळी मी त्यांच्यापुढे उभी राहिले होते. आणि तरी, शैला, वर जाताना लिफ्टमध्ये मी धरून चालले होते की तो दरवाजा असेल. एवढ्या माणसांची नावं वाचून झाल्यावर मी एका लाकडासाठी जीव टांगून होते, ह्याचीही मला शरम वाटली.

मी दारावर हात फिरवला. गुळगुळीत होतं. ज्यांनी केलं त्यांनी जीव ओतून केलंय, त्याबद्दल शंका नको. जळालेलं एवढं सगळं पुन्हा पहिल्यासारखं उभं करणं हे काय सोपं काम? तिथेही कुणाचेतरी बाबा असतीलच. मी वाकून वासही घेतला, तो मुलगा बघत असताना. कसलाच वास नव्हता.

रात्री नऊला बाबांचा फोन. मी खिडकीत होते. खाली गेटवेवर दिवे, लाँचेस बांधून ठेवलेल्या, पाण्यावर नुसतं हलणं. त्यांनी जेवलीस का विचारलं नाही, पाऊस आहे का विचारलं नाही. "असा मां गो तो दरवाजो?"

मी म्हटलं, "असा बाबा. तसोच असा."

शैला, मी ठरवून नाही बोलले. तोंडातून गेलं. पलीकडे ते इतका वेळ गप्प राहिले, की मला वाटलं लाइन कापली. मग म्हणाले, "बरा झाला." आणि फोन ठेवला.

त्या मऊ गादीवर मी रात्रभर जागी होते. पहाटे कधीतरी आठवलं, आणि उठून बसले. २००८ मध्ये बाबा गावीच होते. तीन दिवस शेजारच्या टीव्हीपुढून हलले नाहीत, आई ताट वाढून तशीच ठेवायची. शनिवारी सगळं संपल्यावर मी फोन केला, तेव्हा ते मला म्हणाले होते, "वयलो माळो गेलो गो." त्यांच्याच तोंडचं वाक्य. मी विसरले होते. ते विसरले का?

हेच मला खातंय. विसरले असतील, तर वय ८७, चालायचंच असं म्हणावं. पण शिमग्याला मला त्यांनी दोनदा आईच्या नावाने हाक मारली. तेव्हा मी हसण्यावारी नेलं. आता ते आठवून पोटात गोळा येतो. आणि विसरले नसतील, तर मग त्यांनी विचारलं कशासाठी? मी काय बोलते ते बघायला? की त्यांनाही माझ्यासारखंच वाटलं, कदाचित एवढं एक वाचलं असेल? आणि मी "असा" म्हटल्यावर ते जे गप्प राहिले, ते आनंदाने की पोरीला खोटं बोलताना ऐकून? त्यांनी आयुष्यात एकदाच मला मारलंय, ते खोटं बोलल्याबद्दल. तू साक्षीला होतीस. खरं तर तुझ्यासाठीच बोलले होते मी.

त्यात आता नवीन. परवा फोनवर म्हणाले, "माका एकदा घेवन चल. हात लावन बघूचो हा." मोतीबिंदू काढल्यापासून त्यांना बरं दिसतं, पण डोळ्यांचं मला भय नाही. दरवाजा दिसायला तसाच आहे. हात लावला की त्यांना कळणार. गावच्या बँकेतल्या टेबलावरून बोट फिरवून ते सांगतात की हे पॉलिश यंत्राने मारलंय.

आता कळलं ना तुलाच का लिहितेय?

१९९४. मी ते तोंडावर कधी काढलं नाही, तूही नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं तू मावशींना, तुझ्या आईला, जसंच्या तसं सांगितलंस आणि मी इस्पितळाच्या पायरीवर तुला म्हणाले की तू आईला मारलंस. दोन वर्षं आपण बोललो नाही. मी तेव्हा अट्ठावीस वर्षांची होते आणि मला वाटत होतं की माया म्हणजे झाकून ठेवणं. मावशींनी नंतर मिरजेहून सुमनमावशींना बोलावून घेतलं, वीस वर्षांचा अबोला मोडला, साड्या वाटल्या, मलाही ती मोरपिशी दिली. ती मी घेतली, पण तुझ्याकडे बघितलं नाही. शैला, माझं चुकलं होतं. हे मी तुला ह्या निमित्ताने सांगत नाहीये, हे सांगायला निमित्त मिळत नव्हतं.

तरी माझ्या मनाची समजूत पटत नाही. मावशींना खरं कळल्यावर त्यांच्या हातात काही दिवस होते, काही माणसं होती. बाबांना खरं सांगून त्यांच्या हातात मी काय देणार? एक दरवाजा होता, तोही गेला. सांगू का? की न्यावं त्यांना, पुढच्या दाराने, आणि त्यांच्या बोटांना जे कळायचं ते कळू द्यावं? की पावसाचं, गुडघ्याचं, गर्दीचं निमित्त करत दिवस ढकलावेत? हे तिसरं मला सगळ्यात सोपं आहे आणि त्याचीच भीती वाटते. तू आईच्या खाटेशी कशी बसलीस, पहिलं वाक्य काय बोललीस, ते मला कधी सांगितलं नाहीस. आता सांग.

तुझं विचारायचंच राहिलं. शिरीषचं लग्न मार्गशीर्षात धरलंय ना? मुलगी बडोद्याचीच, हे फार चांगलं झालं. भाऊजींची अँजिओग्राफी झाली का? तू भजनी मंडळात जायला लागलीस हे वाचून मी मोठ्याने हसले, संगीताच्या बाईंनी तुला वर्गाबाहेर उभं केलं होतं ते डोळ्यांसमोर आलं. पण जा, सोडू नकोस. लग्नाला आठ दिवस आधी येते, पुरणाचं माझ्याकडे.

हे पत्र काल इथपर्यंत लिहून ठेवलं होतं, तेवढ्यात पुन्हा बाबांचा फोन आला. गणपतीला येतेस ना विचारलं. तिकीट मिळालंय, तुतारीचं, कुडाळपर्यंत. मग म्हणाले, "येताना किलोभर चपडो घेवन ये." मी म्हटलं, बाबा, पावसात पॉलिश पांढरं पडतं असं तुम्हीच सांगता. तर म्हणाले, "आता नाय गो. पाऊस सरांदे. आपल्या घराच्या दाराक चौदा हात देवया."

चौदा. आकडा मी काढला नव्हता. ताजचं नावही निघालं नव्हतं.

चपडा आणून ठेवलाय, स्टीलच्या डब्यात. डब्याचं झाकण मी दिवसातून दोनदा उघडून बघते. गाडी सुटायच्या आत तुझं पत्र येऊ दे. फोन करू नकोस, फोनवर मला रडू येईल.

तुझी,
कुंदा