मावशी, पाकीट परत केलंत, आता हे पत्र तरी ठेवून घ्या

मावशी,

ह्यांनी दिलेलं पैशांचं पाकीट तुम्ही आमच्याच फ्रिजवर ठेवून निघून गेलात. साडी आणली तर म्हणालात, कपाट भरलंय. तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही कपबशी उचलून मोरीकडे चालू लागता. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड. चार लोकांनी वाचल्यावर तुम्हाला ते फ्रिजवर ठेवून जाता येणार नाही. शिवाय त्या चारांत एखाद्याचा पाय मोडलेला असेल आणि ऑपरेशनची तारीख लागलेली नसेल, तर त्याचंही काम होईल.

माझं काय झालं ते नाशिकच्या हिरावाडीत सगळ्यांना पाठ आहे. बुधवारच्या बाजाराला गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीच्या घाटावर गेले, पायरीवर पडलेल्या कोबीच्या पाल्यावरून सटकले, घोट्याची दोन्ही बाजूंची हाडं मोडली आणि सांधा जागचा हलला. दवाखान्यात भूल देऊन सांधा बसवला, मागून प्लास्टरचा स्लॅब लावला, वरून क्रेप बँडेज गुंडाळलं आणि घरी पाठवलं. "सूज उतरली की ऑपरेशन करू." त्यांचं बरोबरच होतं. घोट्याला मांस नाही, हाडावर नुसती कातडी. ती सुजून ताणलेली असताना चिरली तर जखम मिटत नाही, चिघळते, आणि आतली प्लेट धोक्यात येते. म्हणून आठवडा, दोन आठवडे थांबतात. पण हे कारण मला तुमच्याकडून कळलं. दवाखान्यातून हातात मिळाला होता तो गोळ्यांचा कागद. कोणती गोळी सकाळी, कोणती रात्री, सगळं नीट लिहिलेलं. लघवीला कसं जायचं, पाय कशावर ठेवायचा, कशाला घाबरायचं आणि कशाला नाही, याबद्दल एक ओळ नाही. मोडण्यापासून ऑपरेशनपर्यंतचा मधला काळ कुणाच्याच खात्यात नसतो, असं माझं मत झालंय.

तो तुम्ही, हाडांच्या वॉर्डात आया म्हणून राबलेल्या बाईनं, तुमच्या खात्यात घेतलात. तीन मजले, लिफ्ट नाही, तुमचे स्वतःचे गुडघे कुरकुरतात, तरी त्याच संध्याकाळी वर आलात. बाकी सगळे माझ्या तोंडाकडे बघून "अरेरे" म्हणत होते, तुम्ही थेट पायाकडे गेलात. बँडेजमधून बाहेर आलेली बोटं फुगली होती आणि दुसऱ्या बोटातलं जोडवं मांसात रुतलं होतं. इतक्या लोकांनी तो पाय पाहिला, पण ते कुणाच्या डोळ्यांत आलं नव्हतं. सासूबाई चाचरल्या, सवाष्णीचं जोडवं असं काढायचं म्हणून. तुम्ही सुईदोऱ्याचा डबा मागितलात आणि म्हणालात, "आजी, जोडवं पुन्हा घालता येतं, बोट नाही." दोऱ्याचं एक टोक जोडव्याखालून सरकवलंत, पुढच्या बाजूला नखाकडे दोरा वेढ्याला वेढा लावून घट्ट गुंडाळलात, थोडा साबण लावलात आणि मागचं टोक धरून उलगडत गेलात. एकेका वेढ्याबरोबर जोडवं पुढे सरकत बाहेर आलं. मी ओरडले, हे खरं. पण सासूबाईंनी ते जोडवं धुऊन देवापाशी ठेवलं आणि त्यानंतर तुम्ही सांगाल ती पूर्व दिशा.

मग पायाखालचं. आम्ही तीन मऊ उशा रचल्या होत्या, पाय त्यात बुडून तासाभरात खाली यायचा. तुम्ही उशा काढायला लावल्या, जुन्या दोन गोधड्यांच्या घट्ट घड्या घातल्या आणि त्या पोटरीखाली दिल्या, टाचेखाली नाही. टाच अधांतरी हवी. स्लॅबमध्ये टाच टेकून राहिली तर आतल्या आत कातडी मरते आणि वरून दिसत नाही. टाचेला आग-आग झाली तर दुखणं समजून गप्प बसायचं नाही, सांगायचं. आणि पाय छातीच्या वर हवा, नुसता स्टुलावर ठेवून सूज उतरत नाही. बर्फाला आमच्याकडे पिशवी नव्हती, तेव्हा सोलून फ्रीजरला टाकलेले मटार कामी आले. दुहेरी पिशवी, वर नॅपकिन, पुढच्या बाजूला, जिथे नुसतं बँडेज आहे तिथे पंधरा-वीस मिनिटं, प्लास्टर ओलं न करता. ते मटार पुढे कुणीच खाल्ले नाहीत, हे तुम्हाला आता सांगते.

त्या दिवसांत कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा पारा रोज पेपरात यायचा आणि निफाडची ती थंडी आमच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचत होती. बोटं गार लागली की मुलगी घाबरायची. तुम्ही तिला शिकवलंत: दोन्ही पायांची बोटं एका वेळी धरून बघ. दोन्ही गार तर थंडी, एकच गार तर घोटाळा. नख दाबून सोड, पांढरं झालेलं दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवं. ह्यांचा जुना मोजा कापून बोटांवर टोपी घातलीत आणि ती दर तासाला काढून रंग बघायचा, असा नेम लावलात. मुलगी बारावीची, ती रात्री अभ्यासाला बसायचीच, म्हणून ती पाळी तिची.

त्यामुळेच दुसऱ्या रात्री पकडलं गेलं. ठणका वाढत चालला होता. कडक गोळी घेऊन तास होऊन गेला तरी उतार नाही, उलट चढच. बोटांना मुंग्या. मुलीनं तुम्हाला बोलावून आणलं. तुम्ही माझ्या त्या पायाचा अंगठा जरासा वर ओढलात आणि मी किंचाळले. तुमचा चेहरा बदलला, तो मी पाहिला. "पाय खाली घ्या, छातीच्या लेव्हलला, आणि रिक्षा बोलवा. आत्ता." ह्यांनी म्हटलं, तुम्हीच जरा बँडेज सैल करा ना, तुम्हाला येतं की. तुम्ही म्हणालात, "येतं, पण ते माझं काम नाही. आत काय चाललंय ते डॉक्टरनं बघायला हवं." आधी दवाखान्यात फोन लावायला लावलात, मग निघालो. जिना मी बसून उतरले, एकेक पायरी ढुंगणावर, पुतण्या पुढून मोडका पाय दोन्ही हातांत धरून उलटा उतरत होता. निमाणी बस स्टँडवरून रिक्षा आणायला ह्यांना जितका वेळ लागला तितक्यात तुम्ही शाल पांघरून तयार. दवाखान्यात बँडेज आणि त्याखालचा कापूस थेट कातडीपर्यंत कापून मोकळा केला, पोटरी दाबून पाहिली, बराच वेळ ठेवून घेतलं. नुसतं आवळलं होतं, त्यापुढे गेलं नव्हतं. गेलं असतं तर आतला दाब वाढून स्नायूंचं रक्त बंद पडतं आणि काही तासांत पाय उघडून मोकळा करावा लागतो. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "वेळेवर आणलंत, कुणी सांगितलं?" तुम्ही बाहेर बाकड्यावर बसून रिक्षावाल्याशी भाड्यावरून वाद घालत होतात.

आता पॉटचं. हे लिहू की नको असा विचार केला, पण पाय मोडलेल्या बाईला सगळ्यात जास्त रडवतं ते हेच. दुखणं सोसवतं. नवऱ्यानं, मुलीनं आपलं पॉट उचलणं सोसवत नाही. मी पाणी कमी केलं होतं, घोट-घोट. तुम्ही तांब्या पाहूनच ओळखलंत. "वॉर्डात सगळ्या बायका हेच करतात. मग लघवीला जळजळ, गोळ्यांनी पोट घट्ट, आणि ऑपरेशनच्या तोंडावर ताप. ताप आला की तारीख पुढे." रागावला नाहीत, तांब्या भरून हाताशी ठेवलात. मग ह्यांना खोलीबाहेर काढून पॉट द्यायचं कसं ते मुलीला दाखवलंत: आधी कोमट पाण्यानं विसळून पुसायचं, कडेला पावडर, आत कागद म्हणजे आवाज होत नाही आणि उडत नाही. मी चांगल्या पायाचा गुडघा वाकवून टाच रेटायची, कंबर उचलायची, तेवढ्यात तिनं बाजूनं सरकवायचं. तो कागद घालायचं ज्याला सुचलं त्याला नोबेल द्यायला हवं. पुढे ती कमोडची खुर्ची कुठूनशी पैदा केलीत, वॉकरनं पलंगापासून दोन ढांगा, मोडका पाय अधांतरी, आणि माझी मान जरा वर झाली. रात्री रोज इसबगोल.

पाहुण्यांचा बंदोबस्तही तुमच्याकडेच होता. पाय मोडला म्हणून पायाचं सूप घेऊन येणारे तीन निघाले, त्याला तुमची हरकत नव्हती. डिंकाचे लाडू तर तुम्हीच दोन उचललेत. पण ओझरकडचा कुणी हाडवैद्य आणतो म्हणणाऱ्याला आणि तेल लावून पोटरी चोळून देते म्हणणाऱ्या माझ्या नणंदेला तुम्ही दारातच थोपवलंत. पडून राहिलेल्या पायात रक्ताची गुठळी धरू शकते, ती चोळून सुटली तर फुप्फुसात जाते. त्यासाठीच डॉक्टरांनी मला पोटात रोजचं इंजेक्शन लिहिलं होतं. "दम लागला, छातीत कळ आली, पोटरी एकदम सुजली, तर मला विचारत बसू नका, गाडीत घाला," हे तुम्ही ह्यांच्याकडून म्हणवून घेतलंत, शाळेतल्यासारखं. गोळ्यांचंही तसंच. ठणका चढल्यावर गोळी नको, घड्याळाप्रमाणे. पण धडधाकट माणसालाही दिवसाला चार ग्रॅमच्या वर पॅरासिटामॉल चालत नाही, आणि सर्दीच्या गोळीतही तेच असतं, हे सांगून ह्यांच्या खिशातलं त्या गोळ्यांचं पाकीट जप्त केलंत.

रात्रीचं मात्र कुणाकडेच औषध नव्हतं. डोळा लागतो न लागतो तोच पाय आपोआप उडायचा आणि मोडलेली हाडं एकमेकांवर घासल्यासारखं वाटायचं. तुम्ही टीव्हीवरची मालिका संपवून यायचात, मांडीवर हात ठेवून बसायचात आणि वॉर्डातल्या गोष्टी सांगायचात. कोण प्लास्टरमध्ये विणायची सुई घालून खाजवायचं, कुणाच्या प्लास्टरमधून पळी निघाली. त्यातल्या निम्म्या तरी तुम्ही रचलेल्या असणार. माझी हरकत नाही.

मोफत उपचारांच्या सरकारी योजनेच्या कागदांसाठी ह्यांच्या खेपा चालू होत्या. महात्मा फुले जन आरोग्य योजना 2012 साली राजीव गांधी जीवनदायी या नावानं सुरू झाली, 2017 मध्ये नाव बदललं, पण तुम्ही अजून तिला जीवनदायीच म्हणता. रेशनकार्डावरचं माझं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही, हे तुमच्याच लक्षात आलं. दवाखान्यात योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राला आधीच गाठायला लावलंत, त्यामुळे ऐन वेळी धावपळ झाली नाही.

आणि एका सकाळी मोज्याची टोपी काढून तुम्ही म्हणालात, "आता बोलावतील." बोटांच्या पाठीवरच्या शिरा दिसायला लागल्या होत्या. तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी बँडेज सोडलं, घोट्यावरची कातडी दोन बोटांत हलकेच सरकवली, तिच्यावर बारीक सुरकुत्या पडल्या आणि ते म्हणाले, उद्या दाखल व्हा. आयुष्यात पहिल्यांदा मला सुरकुत्या बघून आनंद झाला. आदल्या रात्री तुम्ही बांगड्या उतरवल्यात, नेलपॉलिश पुसलंत, पोटातलं इंजेक्शन शेवटचं कधी ते डॉक्टरांकडून लिहून आणवलंत. सहा तास आधीपासून अन्न नाही, दोन तास आधीपासून पाणीही नाही, असं सांगितलेलं होतं. पहाटे प्रेमानं चहा करून आणणाऱ्या सासूबाईंना तुम्ही तो स्वतःच पिऊन दाखवलात.

मावशी, तुम्ही इतकी वर्षं हाडांच्या वॉर्डात आया होतात. कंत्राटावर. निवृत्त झालात तेव्हा पेन्शन नाही, नारळ आणि फोटो. माझ्या पायात आता प्लेट आणि स्क्रू बसवणाऱ्या डॉक्टरांचं नाव फाइलवर ठळक आहे, आणि असावंच, हात चांगला आहे त्यांचा. पण तो पाय त्यांच्या टेबलापर्यंत धड पोचवणाऱ्या बाईचं नाव कुठल्याच कागदावर नाही. इथेही मी ते लिहीत नाही, कारण तुम्ही मला जिना उतरू देणार नाही.

टाके निघाले. पाय टेकवायला अजून परवानगी नाही, बोटं नाचवण्याचा व्यायाम तुम्ही खालून हाक मारून विचारता तेव्हा खरंच झालेला असतो. कमोडची खुर्ची धुऊन उन्हात वाळवून ठेवली आहे. मेरी परिसरातल्या ज्या बाईंचा खुबा मोडलाय, त्यांचा मुलगा रविवारी ती न्यायला येतोय. कागद घालायचं मी फोनवर सांगितलंय, पण त्यांच्या पायाखाली काय ठेवलंय ते तुम्ही एकदा जाऊन बघा. खुबा आहे, गोधडीचं गणित वेगळं असेल. जायच्या-यायच्या रिक्षाचे पैसे मी देणार आहे, आणि ते फ्रिजवर ठेवायचे नाहीत.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची