ताई, त्या पाठकोऱ्या कागदाबद्दल

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

समोर बसून कुणी आभार मानलेले तुम्हाला चालत नाहीत, हे आता सगळ्या चाळीला माहीत झालंय. साडी घेऊन आले तर ती तुम्ही माझ्याच हातात परत ठेवलीत. म्हणून हे चारचौघांसमोर लिहितेय. लालबाग-परळच्या ज्या घरांत आज बायपासची, म्हणजे हृदयाच्या अडलेल्या नसांना वळसा देणाऱ्या ऑपरेशनची, तारीख लागलेली असेल, त्यांनाही ते उपयोगी पडू दे.

ह्यांच्या बायपासच्या आदल्या संध्याकाळी आमच्या खोलीत माणसं मावत नव्हती. जो तो म्हणत होता, "काही होत नाही, हल्ली बायपास म्हणजे किरकोळ." तेवढंच म्हणून चहा पिऊन जात होता. पालिकेच्या रुग्णालयात आयुष्य काढलेल्या तुम्ही मात्र मला आणि मुलीला गॅलरीत घेऊन बसलात, एक जुनी लग्नपत्रिका उलटी केलीत आणि तिच्या पाठकोऱ्या बाजूला बॉलपेनने माणूस काढलात. आडवा, डोळे मिटलेला. मग एकेक नळी काढायला लागलात.

तोंडात एक नळी. ती श्वासाच्या मशीनची, स्वरयंत्रातून खाली गेलेली, म्हणून शुद्ध आली तरी बोलता येणार नाही. प्रश्न असा विचारायचा की मान हलवून उत्तर देता येईल. सगळं नीट असलं तर साधारण सहा ते बारा तासांत ती काढतात. मानेत सुई, तिला तीन-चार फाटे, औषधं तिथून जातात. मनगटातली बारीक नळी मॉनिटरवर बीपी दाखवते. छातीच्या खालून दोन-तीन जाड नळ्या, त्यांच्या टोकाला बाटली, बाटलीत लाल पाणी. "ते बघून हबकायचं नाही. आत साचलं तर हृदयावर दाब येतो, म्हणून बाहेर काढतात. किती आलं ते सिस्टर तासातासाला लिहितात. एकदम वाढलं किंवा एकदम थांबलं तर त्यांची धावपळ दिसेल, तेव्हा आपण बाजूला व्हायचं." शेजारी दोन बारीक वायरी, गरज पडली तर हृदयाचे ठोके सांभाळणाऱ्या पेसमेकरच्या डबीला जोडायला, घरी सोडण्याआधी त्या ओढून काढतात. लघवीची पिशवी. पायाला मांडीपर्यंत पट्टी, कारण एक नस तिथून घेतात. चेहरा आणि पापण्या सुजलेल्या, कारण अंगात सलाइन बरंच गेलेलं असतं. अंग गार. आणि हात कदाचित पट्टीने खाटेला सैल बांधलेले. "ती शिक्षा नव्हे. अर्धवट शुद्धीत माणूस पहिली ओढतो ती तोंडातली नळी."

आणि कागदाच्या कोपऱ्यात तुम्ही लिहिलंत: "कपाळाला हात लावायचा. तिथे काही जोडलेलं नसतं."

ताई, या एका ओळीसाठी हे पत्र आहे. दुसऱ्या दिवशी आयसीयूत पाच मिनिटं सोडलं, तेव्हा हे अगदी त्या चित्रासारखे दिसत होते. मी नळ्या ओळखत गेले. मानेतली, मनगटातली, बाटली, पिशवी. पाय लटपटले नाहीत. आणि हात कुठे ठेवायचा ते मला माहीत होतं. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांची सून मात्र दारातच खाली बसली. तिला कुणी काही सांगितलेलंच नव्हतं, ती समजली होती की सगळं संपलं. तुमच्यासारखं शेजारी कुणी नसतं अशा घरांचं काय होतं, ते मी तेव्हा बघितलं.

तिसऱ्या दिवशी हे असंबद्ध बोलायला लागले, भिंतीवर माणसं दिसतायत म्हणाले. तुम्ही तेही आधी सांगून ठेवलं होतंत: आयसीयूत दिवसरात्र दिवे असतात, झोप मोडते, औषधांचा अंमल असतो, त्यातून काहींना भ्रम होतो आणि बहुधा चार-पाच दिवसांत निवळतो. वाद घालायचा नाही. चष्मा द्यायचा, आजचा वार सांगायचा, घरातल्या माणसाचा आवाज ऐकवायचा. चष्मा तुमच्या सांगण्यावरून मुलीच्या पर्समध्येच होता.

ज्यांनी असं काहीच केलं नाही, त्यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. आधी ज्या खासगी रुग्णालयात अँजिओग्राफी, म्हणजे हृदयाच्या नसांतले अडथळे बघायची तपासणी, झाली, तिथे हे टेबलावर असतानाच मला बाहेर बोलावून सांगितलं, "तिन्ही नसांत ब्लॉक आहेत, लगेच स्टेंट टाकतो, इथे सही करा." स्टेंट म्हणजे नस उघडी ठेवणारी बारीक जाळी. ह्यांचा मधुमेह जुना. मधुमेह असलेल्या आणि अनेक नसा अरुंद झालेल्या रुग्णांत बायपास सरस ठरते, हे २०१२ साली जाहीर झालेल्या फ्रीडम नावाच्या वैद्यकीय चाचणीने दाखवलं आहे. तिथे ते कुणी उच्चारलंही नाही. दुखणं थांबलेलं, बीपी स्थिर, तरी दुसऱ्या डॉक्टरांना विचारायला वेळ द्यायची तयारी नाही. अँजिओग्राफीची सीडी मागितली तर ती म्हणे त्यांच्या रेकॉर्डला लागते. तुम्ही म्हणालात, "सीडी आणि रिपोर्ट घेतल्याशिवाय जिना उतरायचा नाही." रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत कागद देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे, हेही तुम्हीच सांगितलंत आणि अर्ज तिथल्या तिथे लिहून घेतलात. तासाभरात सीडी मिळाली.

आणि फोनवरून सल्ले देणारे. दुधीचा रस प्या, ब्लॉक विरघळतात, असं सांगणारे तर डझनभर. नसेच्या भिंतीत वर्षानुवर्षं जमलेली चरबी आणि चुना कुठल्याच रसाने विरघळत नाही, आणि कडू दुधीचा रस जिवावर बेततो, हे तुम्ही त्यांना शांतपणे समजावलंत. एक जण म्हणाला, हे ऑपरेशन म्हणजे माणसांवर प्रयोग. तुम्ही त्याला विचारलंत, तुझा जन्म कधीचा? भारतातली पहिली बायपास १९७५ साली मद्रासच्या पेरांबूर रेल्वे रुग्णालयात डॉ. के. एम. चेरियन यांनी केली. आपल्या परळच्या केईएम रुग्णालयात तर डॉ. पी. के. सेन यांनी १९६८ मध्येच हृदय प्रत्यारोपणाला हात घातला होता. हे सांगताना तुमच्या आवाजात जो अभिमान होता, तो आयुष्यभर पालिकेच्या रुग्णालयात रात्रपाळ्या केलेल्या माणसाचा होता.

गोळ्यांच्या डबीचंही सांगायला हवं. रक्त पातळ करणारं क्लोपिडोग्रेल ऑपरेशनच्या साधारण पाच दिवस आधी थांबवतात, अ‍ॅस्पिरिन मात्र बहुतेक सर्जन चालू ठेवतात. ह्यांच्या कॅप्सूलमध्ये दोन्ही एकत्र होती. ती बंद केली की अ‍ॅस्पिरिनही बंद होतं, आणि चालू ठेवली तर टेबलावर रक्त थांबत नाही. तुम्ही पाकिटाची मागची बाजू वाचलीत, सर्जनना फोन करायला लावलात, वेगळं अ‍ॅस्पिरिन लिहून आणलंत. इतके कागद इतक्या हातांतून गेले होते, पण पाकीट उलटं करून फक्त तुम्ही बघितलंत.

तीन गोळे असलेलं ते श्वासाच्या व्यायामाचं यंत्रही तुम्ही ऑपरेशनच्या आठवडाभर आधीच आणून दिलंत. श्वास ओढण्याचा वेग दाखवणारे ६००, ९०० आणि १२०० आकडे लिहिलेलं. बहुतेक जण त्यात फुंकतात. ते ओढायचं असतं. गोळे फटकन उडवण्यात काही अर्थ नाही, सावकाश ओढून वर तोलून धरायचे, जागेपणी दर तासाला दहादा. छातीचं हाड कापलेलं असलं की दुखण्याच्या भीतीने माणूस वरवर श्वास घेतो, फुप्फुसाचा खालचा भाग मिटतो, कफ अडकतो आणि न्यूमोनिया गाठतो. आधी शिकलेलं असल्यामुळे ह्यांना शुद्धीवर आल्यावर पहिल्यांदा शिकावं लागलं नाही.

आता मंडळाच्या पोरांबद्दल. रक्तपेढीने बदली दाते मागितले. रक्तगट जुळायलाच हवा असं नव्हतं, कारण ती पेढीतल्या साठ्याची भरपाई असते. तुम्ही मुलांना सांगितलंत, हवेत त्याच्या दीडपट घेऊन चला. कारण दारात नावं गळतात: कुणाचं हिमोग्लोबिन १२.५ च्या खाली, कुणाचं वजन ४५ किलो भरत नाही, कुणाला शेवटचं रक्त देऊन ९० दिवस झालेले नसतात, कुणी नुकताच टॅटू काढलेला. उपाशीपोटी यायचं नाही, आदल्या रात्री दारू नाही. तसंच झालं. काही परत पाठवले गेले, तरी संख्या भरली. रक्त गोठायला मदत करणाऱ्या प्लेटलेट पाचच दिवस टिकतात, म्हणून दोन मुलं ऑपरेशनच्या दिवशीही तयारीत बसून होती. त्या सगळ्यांचे आईवडील हे वाचत असतील तर त्यांना सांगते, तुम्ही मुलं छान वाढवलीत.

घरी आणल्यावरचं तुम्ही चाळीच्या हिशेबाने आखलंत, आणि ते कुठल्याच छापील डिस्चार्ज कार्डावर नव्हतं. आपला सार्वजनिक संडास गॅलरीच्या टोकाला, भारतीय बैठकीचा. छातीचं हाड स्टीलच्या तारांनी आवळलेलं असतं, ते सांधायला सहा ते आठ आठवडे लागतात, पूर्ण ताकद यायला तीन महिने. तोवर उकिडवं बसून हातांवर जोर देत उठलं तर हाडावर ताण येतो. म्हणून तुम्ही कमोडची खुर्ची आधीच भाड्याने आणवून ठेवलीत. बद्धकोष्ठ होणारच, वेदनाशामक औषधांमुळे. त्याचं औषध डॉक्टरांकडून आधी मागून घ्यायला सांगितलंत, म्हणजे कुंथावं लागत नाही. पोरं ह्यांना खुर्चीत बसवून जिन्याने वर न्यायला निघाली होती. तुम्ही थांबवलंत. "वॉर्डात फिजिओने जिना चढवून बघितलाय. चालत जातील. कठड्याला लोंबकळायचं नाही, प्रत्येक वळणावर थांबायचं." आणि ते चढले.

अंथरुणातून उठताना कुणी काखेत हात घालून ओढायचं नाही, हे तुम्ही माझ्या दिरांना तीनतीनदा बजावलंत. आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, मग कोपराच्या हलक्या आधाराने बसायचं. खोकला आला की उशी छातीशी गच्च धरायची. सासूबाई जखमेवर हळद लावायला निघाल्या तेव्हा त्यांचा हात धरून तुम्ही म्हणालात, "आजी, हळद दुधात घाला हवी तर. जखम कोरडी ठेवायची." रोज सकाळी लघवीनंतर वजन लिहायचं, दोन दिवसांत दोन किलो वाढलं तर पाणी साठतंय, फोन करायचा. हाडात कटकट वाजलं, जखमेतून पाणी आलं, ताप १०१ च्या वर गेला तर सकाळची वाट बघायची नाही. हे सगळं दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलंय. बाहेरच्या बाजूला तुमच्याच अक्षरात आहे: "भेटायला एका वेळी दोघेच. सर्दी असेल तर आठ दिवसांनी या." ही पाटी मी लावली असती तर भाऊबंदकी झाली असती. तुमचं नाव बघून कुणी हूं की चूं केलं नाही.

केईएम-टाटाच्या बाहेरच्या फुटपाथवर रात्री नातेवाईक झोपलेले असतात. तिथे कुणीकुणी डबे वाटून जातं, नावही सांगत नाही. आयसीयूबाहेरच्या बाकावर सोलापूरकडच्या एका माणसाने मला पाठ टेकायला आपली वळकटी दिली, त्याच्या बायकोचं ऑपरेशन व्हायचं होतं. ही मुंबई मला इतकी जवळून आधी दिसली नव्हती. पण त्या माणसांत मिसळायचा धीर मला तुमच्या कागदाने दिला, हे मी विसरणार नाही.

हे आता नाक्यापर्यंत चालतात. तुम्ही सांगितलंत तसं, बोलता येईल इतक्याच वेगाने. साडी घेत नाही म्हणालात, मग जेवायला नाही म्हणू नका. येत्या रविवारी दुपारी या. भाकरी, मुगाचं वरण, दोडक्याची भाजी आणि बांगड्याचं कालवण, खोबरं अगदी थोडं. मीठ तुमच्या हिशेबानेच असेल.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची वहिनी