एमआरआयपूर्व प्रश्नावली रुग्णाला न विचारताच भरल्याबाबत तक्रार

प्रति,
मुख्य व्यवस्थापक,
निदान केंद्र, कोल्हापूर शाखा

विषय : तपासणीपूर्व सुरक्षा प्रश्न न विचारता अर्जावर सही घेणे व शुल्कातून केलेली कपात

महोदय,

माझ्या वडिलांच्या (वय ६९) कमरेच्या मणक्याचा एमआरआय काढण्यासाठी आम्ही गेल्या मंगळवारी आपल्या शाखेत आलो होतो. तपासणीआधी जी विचारपूस व्हायला हवी होती ती झाली नाही, आणि ती झाल्याचे दाखवणारा कागद मात्र तयार झाला. माझी तक्रार त्याबद्दल आहे.

काउंटरवर पैसे भरल्यावर एक इंग्रजी छापील अर्ज पुढे सरकवण्यात आला आणि "काका, इथे सही करा" एवढेच सांगण्यात आले. वडील खिशात चष्मा शोधत होते, तोवर कर्मचाऱ्याने सहीच्या जागेवर बोट ठेवले होते. नंतर मी तो अर्ज पाहिला, तेव्हा पेसमेकर, मेंदूतील क्लिप, कानातील इम्प्लांट, शरीरात राहिलेला धातूचा तुकडा अशा प्रत्येक प्रश्नापुढे 'नाही'च्या चौकोनात खूण केलेली होती. यातला एकही प्रश्न वडिलांना विचारलेला नव्हता.

वडिलांनी शिरोली एमआयडीसीत ३१ वर्षे लेथ आणि ग्राइंडरवर काम केले आहे. त्या काळात एकदा त्यांच्या उजव्या डोळ्यात लोखंडाचा कण उडाला होता. तो काढला गेला, पण पूर्ण निघाला होता का, हे सांगणारा कागद आज आमच्याकडे नाही. असा कण डोळ्यात उरला असेल तर एमआरआय यंत्रातील शक्तिशाली चुंबकाच्या ओढीने तो जागचा हलून आत रक्तस्राव होऊ शकतो, दृष्टीही जाऊ शकते, आणि म्हणूनच धातूकाम केलेल्या माणसाला हा प्रश्न आवर्जून विचारावा व शंका आल्यास आधी डोळ्यांचा एक्स-रे काढावा, अशी रूढ पद्धत आहे. वडिलांना गाऊन घालून आत नेत असताना मला ही गोष्ट आठवली आणि मी त्यांना थांबवले. मी त्या दिवशी सोबत नसते तर काय झाले असते, हा विचार अजून मनातून जात नाही.

तंत्रज्ञांनी त्याच क्षणी वडिलांना दाराबाहेर आणले, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. मात्र त्यांनी पुन्हा तपासल्यावर गाऊनखाली करदोड्याला अडकवलेली सेफ्टी पिनही निघाली. आमच्याकडे कितीतरी पुरुषांच्या करदोड्याला पिन असते, बायकांची जोडवी वर्षानुवर्षे बोटांत रुतलेली असतात, आणि "अंगावर काही धातू आहे का?" असे विचारले तर ही माणसे खरेपणाने "नाही" म्हणतात, कारण त्या वस्तू त्यांना वेगळ्या जाणवतच नाहीत. एकेका वस्तूचे नाव घेऊन विचारावे लागते.

आपले यंत्र १.५ टेस्लाचे आहे, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे ३०,००० पट, आणि तपासणी चालू नसतानाही ही ओढ कायम असते. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात ऑक्सिजनचे सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेल्या, रुग्णासोबतच्या माणसाचा मृत्यू झाला होता. आपल्या क्षेत्रातील कोणाला ही घटना ठाऊक नसेल असे मला वाटत नाही.

तपासणी त्या दिवशी झाली नाही, तरी ६,५०० रुपयांतून १,००० रुपये 'रद्द शुल्क' म्हणून कापण्यात आले. तपासणी आम्ही रद्द केली नव्हती. ती आपल्या चुकीमुळे थांबवावी लागली. ही रक्कम परत मिळावी, वडिलांच्या सहीचा तो अर्ज बाद करून तसे लेखी कळवावे, प्रश्नावली मराठीत छापावी आणि ती काउंटरवर न भरता प्रशिक्षित व्यक्तीने रुग्णाला स्वतः वाचून दाखवून भरावी, तसेच खोलीत नेण्यापूर्वी तेच प्रश्न पुन्हा विचारावेत, अशी माझी मागणी आहे.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जिल्हा आयोगाकडे तक्रार नोंदवीन. अर्जाची व पावतीची छायाप्रत सोबत जोडली आहे.

आपली विश्वासू,
रुग्णाची मुलगी