बांधावरचं कुंपण आणि तुझा जेसीबी

प्रिय संज्या,

तुझा फोन झाला आणि डोकंच फिरलं बघ. मलप्रभा नदीकडच्या शेताला तारेचं कंपाउंड घालायचंय तर घाल की, नको कोण म्हणतंय, पण त्याच्यासाठी बांधावरचा सगळा झाडोरा जेसीबी लावून साफ करायचा हे कुणी डोक्यात भरवलं तुझ्या? फोनवर नीट बोलता आलं नाही म्हणून लिहितोय.

आत्ता फाल्गुन चाललाय, जांबोटी रोडनं एकदा येऊन बघ. पळसाला पान नाही एकपण, नुसती भगवी फुलं, आणि त्याच्यावर भोरड्यांचा एवढा कालवा की शेजारच्याशी बोलायचं तरी ओरडायला लागतंय. ही पाखरं पार मध्य आशियाकडनं हिवाळ्याला येतात आणि परत जायच्या आधी पळस-पांगाऱ्याच्या फुलातला मध पिऊन घेतात, पळसमैना हे नाव काय उगाच पडलंय होय? तुझ्या मुंजीत हातात धरलेला दंड पण पळसाचाच होता, विसरलास? आणि रंगाला तीच फुलं रात्रभर भिजत घालायचो.

पांगाऱ्याची फांदी रोवली की फुटते, म्हणून तर जुन्या लोकांनी कुंपणाचे खांबच त्याचे केले. तुझ्या सिमेंटच्या पोलाला काय पालवी फुटणार आहे?

आणि रुई उपटायचं तर नावच काढू नको. शनिवारी मारुतीला माळ कुठनं आणणार, बाजारातनं? पूर्वी ज्याच्या दोन बायका वारल्या त्याचं तिसरं लग्न आधी रुईशी लावायचे, अर्कविवाह म्हणायचे त्याला, म्हणजे काय अरिष्ट असेल ते रुईवर जाऊ दे (रुईला कोण विचारतंय म्हणा). पण मला खरी गंमत वाटते ती तिच्या पानावरच्या पट्ट्यापट्ट्याच्या सुरवंटाची. पान खाऊन तो त्यातलं विष अंगात साठवतो आणि पुढं त्याचं नारिंगी फुलपाखरू झालं तरी ते कडूच, एकदा चव घेतलेलं पाखरू परत त्याच्या वाटेला जात नाही.

करवंदाच्या जाळीला आता पांढरी फुलं आलीत, वास तर असा सुटलाय की विचारू नको. बुलबुल त्यातच घरटं करतात, मुंगूस खालनं फिरतंय, आणि एवढे काटे असताना गुरं आत शिरतील काय? मग तुझी तार वेगळं काय करणार आहे ते सांग.

घाणेरी मात्र खुशाल काढ. फुलपाखरं येतात तिच्यावर, खरंय, पण मूळची ती अमेरिकेकडची, इंग्रजांच्या काळात बागेच्या शोभेला आणलेली, आणि बुलबुल फळं खाऊन बी सगळीकडं टाकतात. खाली दुसरं काय वाढू देत नाही. नुसती छाटलीस तर परत फुटते, मुळासकट काढायला लाव. शेराच्या झुडपाला हात लावणाऱ्या गड्याला तेवढं सांग, चीक डोळ्यात गेला तर लई त्रास होतो.

तार बांधाच्या आतल्या अंगाला दोन-तीन हात सोडून घाल, तेवढ्या जागेत तुझा काय ऊस बुडत नाही. पाडव्याला ये, कडुनिंब-गूळ आपल्याकडं खाऊ आणि तेच बेवु-बेल्ल म्हणून शेजारच्या कन्नड घरात, मग सगळा बांध चालत फिरून काय ठेवायचं काय काढायचं ते ठरवू. जेसीबीवाल्याला आजच थांबव. ॲडव्हान्स देऊन बसला असशील तर नाल्यातला गाळ काढून घेऊ त्याच्याकडनं.

तुझा,
बाळ्या